उचल आणि मनुष्यविक्रय

बाजारपेठेंत वावरणाऱ्या मनुष्यास विसार म्हणजे काय हें सांगावयास नको. माल ठरला, भाव ठरला, कीं घेणारा कांहीं रक्कम विकणाराच्या हातावर ठेवतो; ती दोघांच्याही वह्यांत पडते, आणि सौदा मोडला तर कोणाचें किती बुडावयाचें हें दोघांसही आगाऊ ठाऊक असतें. ह्या विश्वासावर सारा व्यापार चालतो, आणि त्यांत गैर असें कांहींच नाहीं. परंतु हीच रक्कम जेव्हां मालावर न देतां माणसावर दिली जाते, वही एकाच्याच हातांत राहते, हिशेब मागाहून लागतो, आणि रक्कम घेणारास ती परत करून मोकळें होण्याची वाट ठेवलेली नसते, तेव्हां ज्या व्यवहारास आपण 'उचल' किंवा 'बयाणा' असें सोज्ज्वळ नांव देतों, तो विसार नसून खरेदी असते. आज आम्हांस ह्या खरेदीविषयीं, आणि ती बंद पाडण्यासाठीं आपल्या देशानें जे कायदे केले त्यांविषयीं, चार शब्द लिहावयाचे आहेत.

मनुष्यविक्रय हा शब्द ऐकला कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें एक ठरलेलें चित्र उभें राहतें. रात्रीची वेळ, दुष्ट चेहऱ्याचा दलाल, गुंगीचें औषध, आगगाडीचा डबा आणि शेवटीं मुंबईंतील कामाठीपुरा. असें मुळींच घडत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. घडतें, आणि तें घडविणारांस कठोर शासन व्हावें ह्याविषयीं दुमत नाहीं. पण ह्या चित्राचा एक मोठा तोटा आहे. तें पाहून आपण निर्धास्त होतों. आपल्या ओळखीपाळखींत असा राक्षस कोणी नाहीं, आपल्या पेठेंत असा धंदा चालत नाहीं, तेव्हां हा विषय पोलिसांचा, आपला नव्हे, असें मनाचें समाधान करून घेतां येतें. वास्तविक ह्या देशांत पुष्कळ माणसें विकलीं जातात तीं दिवसाढवळ्या, त्यांच्या स्वतःच्या दारांत, ओळखीच्या इसमाच्या हस्तें, आणि कोणीही आरडाओरडा न करतां. दलाल दाराशीं येतो तो हातांत दोरी घेऊन नव्हे, नोटा घेऊन. आणि घरधनी त्याचे उपकार मानतो.

आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत ठळक उदाहरण घ्यावयाचें तर ऊसतोडीचें घ्यावें लागेल. बीड, जालना, परभणी, पूर्वीचा अहमदनगर म्हणजे आजचा अहिल्यानगर, अशा जिल्ह्यांच्या कोरडवाहू गांवांतून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात, तीं पांच-सहा महिन्यांनीं परततात. त्यांस नेणारा तो मुकादम. पावसाळ्यांत, घरांत दाणा नसतां आणि लग्न किंवा दुखणें दारांत उभें असतां, तो उचल देतो. ती एका माणसास नसते. ती एका 'कोयत्या'स असते, आणि कोयता म्हणजे नवरा व बायको मिळून एक. दोन जिवांची गणना एका हत्यारांत करून भाषेनें येथें आपलें काम चोख बजावलें आहे. रक्कम पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेंही जाते. ती नवऱ्याच्या हातांत पडते. आणि जी बायको मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, रात्रीबेरात्रीं उठून गाडी भरते, तिच्या नांवें छदामही जमा होत नाहीं.

कारखान्याचा करार वाहतूकदाराशीं, वाहतूकदाराचा मुकादमाशीं, आणि मुकादमाचा ह्या जोडप्याशीं. त्यांतला शेवटचा तोंडी, नाहीं तर अंगठा देणारास वाचतां येत नाहीं अशा कागदावर. मजुराचें नांव कारखान्याच्या हजेरीपटावर नसतें. मजुरी टनावर मिळते, पण वजन करणारा काटा मजुराचा नसतो. एक दिवस काम चुकलें कीं 'खाडा' धरतात आणि त्याचा दंड उचलींत चढतो, मग तो दिवस तापाचा असो वा बाळंतपणाचा. कोपीच्या दाराशीं निजलेलें पोर शाळेच्या वयाचें आहे काय हें विचारणारा तेथें क्वचितच फिरकतो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाहीं, तर बाकी पुढील सालावर ओढली जाते. २०१९ सालीं राज्य सरकारनें समिती नेमली तेव्हां बीड जिल्ह्यांतील ८२,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकीं १३,००० हून अधिक जणींचीं गर्भाशयें काढून टाकलेलीं आढळलीं. प्रत्येक शस्त्रक्रियेचें कारण एकच होतें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. लोभी वैद्यांचा वांटाही त्यांत होता. परंतु पाळीच्या दिवसांत खाडा पडूं नये, हें एक कारण त्या स्त्रियांपैकीं कित्येकींनीं आपल्या तोंडानें सांगितलें आहे. वहींतील दंडाची रक्कम शरीराच्या कोठवर आंत शिरूं शकते ह्याचा ह्याहून निराळा पुरावा आम्हांस नको.

ह्यावरून प्रत्येक ऊसतोड मजूर हा गुलाम होय असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक जोडपीं उचल फेडून चार पैसे गांठीस बांधतात, आणि कित्येक मुकादम त्याच वस्तींतले, त्याच जातीचे, स्वतःही कर्जांत बुडालेले असतात. कसोटी आमच्या मतें एकच आहे. ज्यास हंगामाच्या मध्येंच, हिशेब चुकता करून किंवा न करतां, बायकामुलांस घेऊन उठून घरीं जातां येतें, तो मजूर. ज्यास जातां येत नाहीं, गेल्यास ज्याच्या पाठीवर माणसें धाडलीं जातात, ज्याची बायको किंवा मुलगा तारण म्हणून ठेवून घेतला जातो, तो विकला गेला. ठाणें, पालघर व रायगड जिल्ह्यांतील कातकरी बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातो तेव्हां त्यासही हीच कसोटी लावावी. २०२२ सालीं नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यांतील प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजलें, तें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. तेथील कातकऱ्यांचीं लहान लहान मुलें थोडक्या पैशांच्या मोबदल्यांत दुसऱ्या जिल्ह्यांतील मेंढ्यांमागें राबण्यास दिलीं गेलीं होतीं. त्यांतील एक दहा वर्षांची मुलगी अत्यवस्थ स्थितींत घरीं पोंचली आणि दगावली, तेव्हां हा व्यवहार उघडकीस आला. तेथें कोणी कोणास पळविलें नव्हतें. पैसे मोजून दिले होते.

आतां हीच वही घेऊन आम्ही वाचकांस कामाठीपुऱ्याच्या जिन्यापर्यंत नेऊं इच्छितों, कारण दोन्ही ठिकाणच्या वहीची रीत एकच आहे. दलालास दिलेली किंमत घरवाली आपल्या तोट्यांत मांडत नाहीं. ती मुलीच्या नांवें कर्ज म्हणून मांडते. त्यावर व्याज, त्यावर कपडा, अन्न, औषध, हप्ते. मुलीस सांगण्यांत येतें कीं एवढें फेड आणि मोकळी हो. आणि फिटलें किती हें सांगणारी वही घरवालीच्याच उशाखालीं असते. १९१७ सालीं मुंबईंतील डंकन रोडवरील एका कुंटणखान्यांत अकूताई नांवाच्या स्त्रीस, ती पळून जाऊं पाहत होती म्हणून, चालकांनीं हालहाल करून ठार मारिलें. तो खटला झाला तेव्हां शहर हादरलें, आणि पुढें १९२३ सालीं मुंबई इलाख्यांत वेश्याव्यवसायाच्या प्रतिबंधाचा कायदा झाला. तेव्हांपासून आजतागायत अशा स्त्रियांविषयींचा कायदा एका कपाटांत आणि मजुरांविषयींचा दुसऱ्या कपाटांत ठेवण्याची जी रीत पडली ती पडलीच. एक खातें नीतीचें, दुसरें मजुरीचें. दलाल मात्र दोन्ही दारांनीं सारखाच ये-जा करतो.

कायद्याच्या इतिहासाकडे वळलें म्हणजे एक गोष्ट दिसून येते, आणि ती व्यापारी वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. १८४३ सालच्या कायद्यानें हिंदुस्थानांतील न्यायालयांनीं गुलामगिरीचा हक्क मानूं नये असें ठरविलें, आणि १८६० च्या दंडसंहितेनें माणसास गुलाम म्हणून विकणें व विकत घेणें हा अपराध केला. ह्या दोहोंच्या मधोमध, १८५९ सालीं, एक तिसरा कायदा झाला. कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या शहरांतील कारखानदारांचें व व्यापाऱ्यांचें गाऱ्हाणें असें होतें कीं, कारागीर व मजूर आगाऊ पैसे घेतात आणि काम सोडून जातात. सबब कायदा असा झाला कीं, उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुरास मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें. त्यानें पैसे परत करावे अथवा काम पुरें करावें. आणि आज्ञा न मानल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा व्हावी. व्यापाऱ्यानें व्यापाऱ्याचे पैसे बुडविले तर दिवाणी दावा, आणि मजुरानें बुडविले तर तुरुंग! एका हातानें सरकारनें गुलामाची बेडी तोडली, आणि दुसऱ्या हातानें उचलीची बेडी आमच्याच पेठांच्या मागणीवरून घडवून दिली. हा कायदा रद्द करणारा कायदा १९२५ सालीं झाला; म्हणजे सहा तपांच्या आसपास, दोन पिढ्यांहून अधिक काळ, तो चालला. कागदावरून तो गेला, पण पळून गेलेल्या मजुरास चोर समजण्याची जी संवय त्यानें लाविली, ती कित्येक गांवांतून व पोलिस ठाण्यांतून अजून गेलेली नाहीं.

त्याच काळांतील दुसरा प्रकार गिरमिटाचा. पांच वर्षांच्या करारावर अंगठा घेऊन मजुरांस समुद्रापार धाडीत. मुंबई बंदरांतून मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांवर गेलेल्यांत आमचीं मराठी माणसेंही होतीं, आणि त्यांचे वंशज त्या बेटावर आजही मराठी म्हणून ओळखले जातात. त्या मळ्यांवर असा नियम असे कीं, मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापावी. वाचकहो, पीक तेंच, आणि खाड्याचा हिशेबही तोच. मध्यें फक्त समुद्र आणि शंभर-सवाशें वर्षें. नामदार गोखल्यांनीं मार्च १९१२ मध्यें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत गिरमिटाची मजूरभरती सर्वस्वीं बंद करावी असा ठराव आणिला. सरकारी मतांच्या जोरावर तो फेटाळला गेला. परंतु पांच वर्षांनीं, १९१७ सालीं, ती भरती थांबवावी लागली. गिरमिटावर तर सही असे, मुदत असे, आणि त्याची नक्कल सरकारी दप्तरांत असे. आजच्या उचलीस ह्यांतलें कांहींही नाहीं.

समुद्रापार जाण्याचीही गरज नव्हती. उंबरगांव-डहाणूकडील वारली लग्नासाठीं जमीनदाराकडून कर्ज काढी आणि मग जन्मभर, बायकोसह, त्याच्या घरीं व शेतांत राबे. त्यास 'लग्नगडी' म्हणत. मे १९४५ मध्यें त्याच भागांतील झरी येथें हजारों वारली जमले आणि वेठ करणार नाहीं असें त्यांनीं ठरविलें. गोदावरी परुळेकर ह्यांनीं ती हकीकत पुढें पुस्तकरूपानें लिहून ठेविली आहे. त्यानंतर पांच वर्षांच्या आंत आमच्या राज्यघटनेनें आपल्या तेविसाव्या अनुच्छेदांत मनुष्यविक्रय आणि वेठ ह्या दोन गोष्टी एकाच वाक्यांत निषिद्ध केल्या. एकाच वाक्यांत, हें महत्त्वाचें आहे. ज्यांनीं घटना लिहिली त्यांस ठाऊक होतें कीं ह्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

तरीही वेठबिगारीचा कायदा होण्यास १९७६ साल उजाडावें लागलें. कायदा मात्र चांगला झाला, हें आम्ही मोकळ्या मनानें सांगतों. त्यानें वेठीचें कर्ज समूळ नाहींसें केलें. त्याच्या वसुलीचा दावाही करतां येत नाहीं. मजूर म्हणाला कीं हें वेठीचें कर्ज आहे, तर तें तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला. मजुरांचा शोध घेऊन त्यांस सोडविण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर ठेविली. पुढें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ आणखी विस्तृत केला. दिल्लींतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यांत, १९८२ सालीं, न्यायालयानें म्हटलें कीं किमान वेतनाहून कमी पैशांवर राबविणें ही वेठच होय, आणि सक्ती ही केवळ दंडुक्याची नसते, दारिद्र्याचीही असते. फरीदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यांत, १९८३ च्या अखेरीस, असें ठरलें कीं माणूस सक्तीनें राबत असल्याचें दिसलें तर त्यामागें उचल आहे असें गृहीत धरावें.

इतका उत्तम कायदा हातीं असतां झालें काय? २०१६ सालीं केंद्र सरकारनें २०३० पर्यंत १ कोटी ८४ लक्ष वेठबिगार मुक्त करण्याचा संकल्प सांगितला. कायदा झाल्यापासूनच्या चार दशकांत सोडविलेल्यांची संख्या तीन लाखांच्या आसपास होती. ह्या गतीनें तो आंकडा गांठावयास किती शतकें लागतील हा त्रैराशिकाचा हिशेब आमच्या वाचकांस कठीण नाहीं. कायद्यांतील दंड पाहिला तर वेठीस धरणारास कमाल तीन वर्षें कैद आणि २,००० रुपये. ज्या काळीं एका कोयत्याची उचल लाखाच्या घरांत जाते त्या काळीं दोन हजारांचा दंड हा दंड नव्हे, ती दलाली झाली. सुटलेल्या पुरुषास एक लक्ष, स्त्रीस व बालकास दोन लक्ष, आणि कुंटणखान्यांतून अथवा तशाच भयंकर अवस्थेंतून सोडविलेल्यांस तीन लक्ष रुपये साहाय्य देण्याची योजना २०१६ सालीं निघाली. परंतु ती सबंध रक्कम हातीं पडणें हें न्यायालयांतील सिद्धतेवर अवलंबून ठेविलें. खटला वर्षानुवर्षें चालतो आणि पोट रोज दोनदां मागतें. तेव्हां सुटलेला मजूर साक्षीच्या तारखेपूर्वींच दुसऱ्या मुकादमाची उचल घेऊन निघून गेला, तर त्यांत नवल तें काय?

येथें एक गोष्ट सहज सांगून ठेवितों. ह्याच योजनेनें कुंटणखान्यांतील स्त्री ही वेठबिगार होऊं शकते हें कबूल केलें आहे. मग घरवालीनें तिच्या नांवें मांडलेलें कर्ज १९७६ च्या कायद्यानें नष्ट झालें, तें फेडण्यास ती बांधलेली नाहीं, हें धाड घालणाऱ्या अधिकाऱ्यानें तिला त्याच क्षणीं कां सांगूं नये? त्याऐवजीं तिच्या वांट्यास येतो तो १९५६ चा कायदा, जो १९८६ पासून अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा म्हणून ओळखला जातो. त्यांत दलालास व कुंटणखान्याच्या चालकास शिक्षा आहेत, हें खरें. पण त्याच कायद्याच्या आठव्या कलमांत रस्त्यावर गिऱ्हाईक बोलाविल्याबद्दल स्त्रीस सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि तोच अपराध पुरुषानें केला तर सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. ह्या तारतम्याचें समर्थन कोणी करील काय? सोडविलेल्या स्त्रीस रक्षणगृहांत एक ते तीन वर्षें ठेवतां येतें. पुष्कळ सज्ञान स्त्रिया तेथें आपल्या इच्छेविरुद्ध अडकून पडल्या, आणि मे २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयास अशा गृहांची पाहणी करून त्यांच्या सुटकेचा विचार करावा असें सांगावें लागलें. ज्याच्या हातीं वही होती तो जामिनावर बाहेर, आणि जिच्या नांवावर कर्ज होतें ती कुलुपांत. असें कित्येकदां घडत आलें आहे.

आतां आमच्या मुख्य तक्रारीकडे येतों. न्यायमूर्ति वर्मा ह्यांच्या समितीच्या अहवालानंतर २०१३ सालीं दंडसंहितेचें ३७० वें कलम नव्यानें लिहिण्यांत आलें. त्यापूर्वींचें कलम गुलामांच्या खरेदीविक्रीपुरतें होतें. नव्यानें मनुष्यविक्रयाची पूर्ण व्याख्या आली. माणसाची भरती, ने-आण, लपवणूक, हस्तांतर, आणि तें सारें धाक, फसवणूक, अधिकाराचा दुरुपयोग किंवा पैसे देऊन केलेलें. आणि पीडिताची संमति होती ही सबब चालणार नाहीं, असें स्पष्ट शब्दांत. शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. हें सर्व योग्यच झालें. परंतु फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकुमांत शोषणाच्या प्रकारांत 'सक्तीचें श्रम किंवा सेवा' हे शब्द होते. एप्रिलमध्यें संसदेनें संमत केलेला कायदा प्रसिद्ध झाला, तेव्हां ते शब्द त्यांतून गळालेले होते. पुढें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली. तिच्या १४३ व्या कलमांत भीक मागावयास लावणें हा प्रकार नव्यानें घातला, तो ठीकच. पण सक्तीचे श्रम हे शब्द परत आले नाहींत. सक्तीनें काम करून घेणें हा १४६ व्या कलमाखालचा निराळा, लहानसा अपराध राहिला, आणि त्यास शिक्षा फार तर एक वर्ष, किंवा नुसता दंड. मधल्या काळांत २०१८ सालीं मनुष्यविक्रयाविरुद्ध एक स्वतंत्र विधेयक लोकसभेनें पसार केलें होतें. तें राज्यसभेंत पोंचलेंच नाहीं, आणि २०१९ सालीं लोकसभेच्या मुदतीबरोबर तेंही संपलें.

वकील मंडळी म्हणतील, व्याख्येंत 'गुलामगिरी किंवा तत्सम प्रथा' आणि 'दास्य' हे शब्द आहेत, त्यांत उचलीची वेठ येतेच. १९५६ च्या आंतरराष्ट्रीय करारानेंही कर्जापायीं जखडणें हें गुलामगिरीसारखेंच मानलें आहे. पुस्तकांतला हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. परंतु तालुक्याच्या ठाण्यांतील अंमलदार आंतरराष्ट्रीय करार उशाशीं घेऊन निजत नाहीं. त्याच्यापुढें कोपींतून पळून आलेलें जोडपें उभें असतें, आणि त्यांच्यामागोमाग मुकादम उचलीचा कागद घेऊन फसवणुकीची फिर्याद द्यावयास येतो. कागद मुकादमापाशीं आहे, जोडप्यापाशीं नाहीं. कायद्याच्या पानावर 'सक्तीचे श्रम' हे दोन शब्द ढळढळीत असते, तर निदान हें प्रकरण कोणत्या बाजूनें लिहून घ्यावयाचें ह्याचा विचार त्यास क्षणभर तरी करावा लागला असता.

दुसऱ्या बाजूचेंही म्हणणें ऐकावें. ट्रॅक्टरवाले वाहतूकदार सांगतात कीं आम्ही बँकेचें कर्ज काढून मुकादमास लाखों रुपये देतों, आणि तो टोळी न आणतां पसार होतो. हें खोटें नाहीं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर ह्या जिल्ह्यांतून असे गुन्हे नोंदले जातात आणि कित्येक शेतकरी त्यांत धुळीस मिळाले आहेत. पण ह्यावरून निष्कर्ष निघतो तो उचल अधिक घट्ट बांधण्याचा नव्हे, ती मोडण्याचा. जो व्यवहार देणारासही बुडवितो आणि घेणारासही, तो केवळ मधल्या माणसासाठीं चालू राहतो. ज्या कारखान्यास हंगामाचा ऊस किती व कोयते किती लागतील हें आधीं ठाऊक असतें, त्यानें मजुरांची नोंद स्वतःच्या दप्तरांत करावी, मजुरी थेट द्यावी, आणि पावसाळ्याचें कर्ज हवें तर पतसंस्थेकडून, व्याजाचा दर लिहून, मजुरीपासून वेगळें मिळावें. ह्यांत अशक्य असें काय आहे? ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे त्याच्या खात्यांत जमा होतात. तोडणारीचे कां होऊं नयेत? आणि 'कोयता' हा शब्द हिशेबांतून निघून त्या जागीं दोन नांवें, दोन खातीं आणि दोन रकमा लिहिल्या जाव्या. खाड्याचा दंड तर कोणत्याच वहींत दिसतां कामा नये.

हें घडवून आणण्यास दिल्लीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आमच्या वाचकांत कारखान्यांचे सभासद आहेत, साखरेचे आडते आहेत, पतपेढ्यांचे संचालक आहेत. सभासदानें वार्षिक सभेंत लाभांशाबरोबर हाही प्रश्न विचारावा कीं आपल्या कारखान्यावर आलेल्या टोळ्यांच्या उचलीच्या वह्या कोणी तपासल्या. आडत्यानें पोत्यावरील छाप पाहून साखर घ्यावी तसें त्या छापामागील तोडणीचें वर्तमानही पुसावें. घर बांधणारानें वीट घेतांना भट्टीवर एकदां जाऊन यावें. भाव करावयास जावेंच लागतें.

शिवाय १९७६ च्या कायद्याच्या तेराव्या कलमान्वयें प्रत्येक जिल्ह्यास व उपविभागास एक दक्षता समिती असावी लागते. तींत अनुसूचित जातिजमातींचे तिघे व समाजसेवक दोघे असावयाचे, आणि एक जागा कायद्यानेंच पतपुरवठा करणाऱ्या संस्थांच्या प्रतिनिधीसाठीं राखून ठेविली आहे. कायदा करणारांस हें ठाऊक होतें कीं वही वाचतां येणारा एक मनुष्य त्या बैठकींत पाहिजे. आपल्या उपविभागांत ती खुर्ची भरलेली आहे काय, हें समजून घेण्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरे होतो. समिती कोणत्या तारखेस नेमली, तिची शेवटची बैठक केव्हां झाली, हजर कोण होते, गेल्या तीन हंगामांत किती मजुरांस मुक्ततेचीं प्रमाणपत्रें दिलीं, आणि पतसंस्थांच्या जागेवर कोणाचें नांव आहे, एवढें विचारावें. उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. पोळ्याच्या दिवशीं अर्ज दाखल झाला तर दसऱ्यास दहा दिवस उरले असतां ती पुरी होते, आणि तोंवर टोळ्या गांवांतून निघालेल्या नसतात.